वीस तेत्री

आमच्या स्टेशनाचं नाव सरकारनं दोनदा बदललं.
आम्ही अजून पहिल्याच नावाला उतरतो,
दुसऱ्या नावाच्या पाटीखाली एकमेकांची वाट बघतो,
तिसरं फक्त गाडीतल्या ध्वनिमुद्रित मुलीच्या तोंडी.

वर चौक. द्राक्षवेलींनी गिळलेले सज्जे,
दोन फुलवाल्या, ज्या एकमेकींशी बोलत नाहीत,
कानाला पिवळा बिल्ला टोचलेली एक कुत्री,
बारसं न करताच जिला गल्लीनं सात नावं दिली.
जिन्याच्या तोंडाशी जुमबेरची भट्टी:
विहिरीत वाकावं तसा तो कमरेपर्यंत वाकतो
आणि होडीच्या आकाराचे पाव उपसून काढतो.

खाली जायला सरकता जिना. अडीच मिनिटं.
तेवढ्यात एक भांडण मिटवता येतं,
दुसरं उकरता येतं.
माझ्या वडिलांनी इथेच, निम्म्या उतारावर, आईला विचारलं.
तिनं तळाशी पोचल्यावर उत्तर दिलं.

तळाशी काचेची पेटी.
आत ती, टोपी, थर्मास आणि माइक.
‘लाल जाकीटवाले, पायरीवर बसू नका.’
‘बाई, पिशवी उचला.’
‘मुके वर गेल्यावर. इथे कठडा धरा.’
काचेवर दिव्याची तिरीप, म्हणून चेहरा कुणाला ठाऊक नाही.
आवाज मात्र हाडांत मुरलेला.
आईला चुकवता यायचं, हिला नाही.

वीज जायची त्या हिवाळ्यांत
जिना मधेच थांबायचा,
आणि माइकशिवाय तो आवाज अंधारातून चढून यायचा:
‘उजव्या हाताला भिंत आहे. भिंत कुठे जात नाही.
मोजत चला.’
मी सहा वर्षांचा. एकोणचाळीसपर्यंत येत होतं.
पुढे पुन्हा एक.

परवा पावाच्या रांगेत
तपकिरी कोटातली एक ठेंगणी बाई म्हणाली,
‘दोन द्या. एक करपका असला तरी चालेल.’

भिंतीला टेकलेला गडी ताठ झाला.
खोक्यावर बसलेलं पोरगं उठलं.
नाझिब्रोलानं जमिनीवरची पिशवी छातीशी धरली.
माझा हात हवेत
कठडा शोधत होता.
जुमबेर तेवढा वाकलेलाच,
भट्टीपुढे त्याला काही ऐकू येत नाही.

ती आमच्याच इमारतीत शिरली.
सातव्या मजल्यावर म्हणे तिची आजारी बहीण.
आमची लिफ्ट नाणं गिळल्याशिवाय हलत नाही.
तिनं पाकीट उघडलं, मिटलं, जिन्याकडे पाहिलं.
मी वीस तेत्री टाकले.

लिफ्टनं गचका दिला तशी तिनं माझी बाही धरली.
‘खाली जायचं काही वाटत नाही,’ आकड्यांकडे बघत म्हणाली,
‘वर जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो.’
चौथ्या-पाचव्याच्या मधे दिवा गेला.
मी म्हटलं, ‘भिंत कुठे जात नाही.’
दिवा आला तेव्हा ती माझ्याकडे बघत होती.
ओळखलं नाही. कसं ओळखणार,
तेव्हाही अंधारच होता.

शुक्रवार, सकाळचे सव्वाआठ.
जिन्यावर मुंगीला शिरायला जागा नाही,
सगळं तिबिलिसी झोपेत उतरतंय.
तेवढ्यात खालून:
‘करडी टोपी. हो, तुम्हीच.
तुमचे वीस तेत्री माझ्याकडे राहिलेत.’

दोनशे माना वळल्या.
येणं माझं होतं,
आणि कर्ज बुडवल्यासारखा मी लाल झालो.
जवळून गेलो तेव्हा काचेवर तीच तिरीप.
खालच्या फटीतून दोन बोटांनी सरकवलेलं नाणं,
हाताच्या उबेनं कोमट.

‘आणि कठडा सोडू नका,’
माझ्या मागे ती दुसऱ्या कुणाला तरी सांगत होती.